मदत हवी आहे: माझी सर्जनबाई महापौर झाली, पण कथा पुढे सरकेना

भातुकली

नमस्कार मंडळी,

दोन वर्षं एक दीर्घकथा रखडली आहे. आधीचे भाग इथे टाकले नाहीत, कारण पूर्ण झाल्याशिवाय टाकायचं नाही असं ठरवलं होतं. आता वाटतं, तुमच्याशी भांडल्याशिवाय ती पूर्ण होणार नाही.

गोष्ट २०८१ सालच्या मुंबईत घडते. समुद्र वर आलेला आहे. हिंदमाता, परळ, माटुंगा, कुर्ला या भागात तळमजला कायद्यानेच पाण्याला देऊन टाकला आहे. तिथे राहायचं नाही, दुकान मांडायचं नाही. जिन्याच्या सातव्या पायरीवर पालिकेने निळा पट्टा ओढलाय, त्याच्या वर आपलं घर सुरू होतं. पावसाळ्यात जुन्या बसथांब्यांवर होड्या लागतात आणि लोक त्यांना अजून बसच म्हणतात. लालबागचे गणपती पहिल्या माळ्याच्या गॅलरीतून थेट तराफ्यावर उतरतात. (हा प्रसंग लिहिताना मजा आली, बाकी सगळं रडतखडत.)

नायिका परळच्या एका पालिका रुग्णालयात तीस वर्षं पोटाच्या शस्त्रक्रिया करणारी. नाव ठरलेलं नाही, सध्या 'बाई' म्हणते. दर पावसात रुग्णालयाचा वॉर्ड लेप्टोच्या (पुराच्या पाण्यातून होणाऱ्या तापाच्या) रुग्णांनी भरतो. एकदा राउंडला ती म्हणते, "मी इथे टाके घालत बसलेय आणि भोक बाहेर रस्त्यावर आहे." तिथून ती निवडणुकीला उभी राहते आणि महापौर होते. माझ्या जगात महापौराच्या हातात सगळे अधिकार आहेत.

आता अडलंय ते इथे. श्रावणातली अष्टमी, पहाटेचे चार. समुद्राला मोठी भरती, वर ढगफुटी, पंप एकेक करून बंद पडतायत. बाईंसमोर पर्याय एकच: एक दरवाजा उघडून पाणी एका वॉर्डावर सोडायचं आणि बाकीचं शहर वाचवायचं. ती चार मिनिटांत निर्णय घेते, ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) घेते तसाच. वॉर्ड बुडतो, शहर वाचतं.

मला वाटलं, काय जबरदस्त प्रसंग झालाय. नवऱ्याने वाचला आणि चहा ढवळत म्हणाला, "ही तुझी नायिका आहे की खलनायिका?"

तर प्रश्न असा. सर्जन राजकारणात येतो तेव्हा सोबत काय घेऊन येतो? आणि ओटीच्या दारात आपण चपला काढतो तसं त्याने काय काय बाहेर काढून ठेवायला हवं?

खवट_खोबरं

मी पयला.

सीरियाचा बशर अल-असद लंडनला डोळ्यांचं शिकत होता. बोस्नियातला कराडझिच मानसोपचारतज्ज्ञ. एकाने देशाची काय दशा केली ते पाहिलंच, दुसरा वंशसंहाराच्या गुन्ह्यात जन्मठेप भोगतोय. तुमच्या यजमानांना एक कप चहा माझ्याकडून.

(हघ्या, म्हणजे हलकं घ्या. पण फार हलकंही घेऊ नका.)

हावडा_ते_दादर

खवटराव, दुसरी बाजूही सांगा की. बंगालचे बिधानचंद्र रॉय एमआरसीपी आणि एफआरसीएस (विलायतेतल्या वैद्यक आणि शस्त्रक्रियेच्या पदव्या) दोन्ही होते. १९४८ ते १९६२ मुख्यमंत्री होते आणि त्या काळातही घरी रोज रुग्ण तपासायचे. दुर्गापूर, कल्याणी, सॉल्ट लेक ही सगळी त्यांच्या काळातली. जन्म १ जुलैचा, मृत्यूही १ जुलैचाच. आपला डॉक्टर्स डे येतो तो त्यावरूनच.

गिरगावकर_जुना

भातुकलीताई, २०८१ला जायच्या आधी जरा मागे चला. मुंबईला हे नवीन नाही.

सप्टेंबर १८९६. मांडवीत ताप आणि जांघेत गाठ आलेले रुग्ण मिळायला लागले. डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी हा प्लेग आहे असं ठामपणे सांगितलं. ते पालिकेचे सदस्यही होते आणि पुढे १९०६ साली पालिकेचे अध्यक्ष झाले. मेट्रो सिनेमासमोर त्यांचा पुतळा आहे. त्याच्या आसपास माणसं बसची वाट बघत उभी असतात, पण पाटी वाचणारा मी तरी पाहिलेला नाही.

पण तुमच्या कथेला खरा उपयोग आहे तो त्यानंतर जे झालं त्याचा. सरकारने प्लेगवर शस्त्रक्रियेसारखा उपाय केला. घरात घुसून झडत्या, संशयिताला उचलून दवाखान्यात, बाकीच्यांना छावणीत. वैद्यकीयदृष्ट्या त्यात काही तथ्य असेलही, पण बायकांच्या अंगाला परके पुरुष हात लावतायत म्हटल्यावर लोक पेटले आणि मार्च १८९८मध्ये शहरात दंगल झाली. त्याच साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. दाट वस्ती फोडून समुद्राची हवा आत यावी म्हणून रस्ते काढले. प्रिन्सेस स्ट्रीट त्यातलाच. हवा आली, नाही असं नाही. पण ज्यांच्या खोल्या गेल्या त्यातले कितीतरी शेजारच्याच चाळीत आणखी दाटीने घुसले. गाठ कापली, ती बाजूला उगवली.

आता अस्सल सर्जन हवा असेल तर पेडर रोडवरून जा. त्याचं कागदोपत्री नाव डॉ. गोपाळराव देशमुख मार्ग. हे देशमुख एफआरसीएस सर्जन. १९२८ला पालिकेचे अध्यक्ष झाले (महापौर हा शब्द नंतर आला). पुढे केंद्रीय कायदेमंडळात गेले आणि १९३७चा हिंदू स्त्रियांच्या मालमत्ता हक्काचा कायदा त्यांनी मांडून पास करून घेतला. विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत मुलाइतका वाटा, तोही फक्त तिच्या हयातीपुरता. अर्धवट कायदा होता. पण त्या काळी तेवढ्यासाठीसुद्धा किती जणांचे हात धरावे लागले असतील! चार मिनिटांत झालेला नाही.

भातुकली

पेडर रोड!! मी अकरा वर्षं तिथून बसने ऑफिसला गेलेय. डॉ. जी. देशमुख मार्ग अशी पाटी रोज दिसायची आणि मला वाटायचं असतील कोणी स्थानिक नेते.

सुरी_कात्री

धागा माझ्यासाठीच काढलाय असं वाटून लॉगइन केलं. जनरल सर्जन, मुलुंड. राजकारणात जाणार नाही, बायकोने शपथ घातली आहे.

चार मिनिटांत निर्णय हा टीव्हीवरचा सर्जन. आम्हीही कधी चार सेकंदांत ठरवतो, खोटं कशाला बोलू. रक्त उसळून आलं की विचार करायला वेळ नसतो, बोट आधी जातं. पण त्या चार सेकंदांच्या मागे सीटी स्कॅन असतो, सोनोग्राफी असते, आदल्या रात्री नातेवाइकांशी झालेली तासाभराची बोलणी असतात. आणि एक कागद असतो. त्यावर रुग्णाची सही असते. मला त्याच्या पोटात हात घालायचा अधिकार त्या सहीने मिळतो, माझ्या डिग्रीने नाही.

तुमच्या बाईंचं शहर भुलीखाली नाहीये, जागं आहे. आणि त्या वॉर्डाने सही केलेली नाही. तुमच्या नवऱ्याला जे खुपलं ते हेच असावं.

दुसरं. आमच्यात पोट उघडतो, बघतो की आजार सगळीकडे पसरलाय, आणि काही न करता बंद करतो. त्याला 'ओपन अँड क्लोज' म्हणतात. सर्जनच्या आयुष्यातला सगळ्यात अवघड दिवस तो. बाहेर येऊन नातेवाइकांना सांगायचं, मी काही केलं नाही. राजकारण्याला हे परवडत नाही. त्याला काहीतरी कापलेलं दाखवावंच लागतं, निदान फीत तरी.

खरी उदाहरणं हवीत तर दोन देतो. अमेरिकेतले बिल फ्रिस्ट हृदय प्रत्यारोपण करणारे सर्जन, सिनेटमधले बहुमताचे नेते. २००५मध्ये फ्लोरिडातली एक बाई अनेक वर्षं बेशुद्धावस्थेत होती, तिची अन्न देणारी नळी काढायची की नाही यावर देशभर वाद चालू होता. यांनी व्हिडिओ पाहिला आणि सिनेटमध्ये उभं राहून डॉक्टरांच्या निदानावर शंका घेतली. रुग्णाला हात न लावता! शवविच्छेदनात मेंदूची प्रचंड हानी दिसली. सर्जनची ऐट राजकारणात नेली की असं होतं.

उलट भूतानचे लोटे त्शेरिंग. युरोसर्जन, २०१८ला पंतप्रधान झाले आणि शनिवारी रुग्णालयात जाऊन शस्त्रक्रिया करत राहिले. मला त्यातलं एकच आवडतं. आठवड्यातून एक दिवस अशा खोलीत जायचं जिथे भाषणाने काही होत नाही, टाका सुटला तर सुटला.

पंप_हाउस

पर्जन्य जलवाहिन्या खात्यातून निवृत्त. नाव विचारू नये.

१) ताई, तुमचा दरवाजा उलटा आहे. आपल्याकडे नाल्यांच्या तोंडाशी जे दरवाजे असतात ते समुद्र आत येऊ नये म्हणून. भरती साडेचार मीटरच्या वर गेली की ते बंद ठेवायचे आणि आतलं पाणी पंपाने उचलून बाहेर टाकायचं. भरतीत दरवाजा उघडलात तर पाणी बाहेर जाणार नाही, अरबी समुद्र आत येईल. म्हणजे बाईंनी शहर वाचवलं नाही, बुडवलं.

२) खरा निर्णय याहून कंटाळवाणा असतो. वीज थोडी उरली आहे, पंप सहा ठिकाणी आहेत. कुठला बंद करायचा? हाजी अली? लव्हग्रोव्ह? इर्ला? बटण दाबल्यावर लगेच काही होत नाही. तासाभराने कुणाच्या तरी मोरीतून पाणी उलटं यायला लागतं. सिनेमा निघणार नाही यावर, पण घडतं ते असं.

३) जुन्या गटारांची क्षमता ताशी २५ मिलिमीटर पावसाची, तीही ओहोटी असेल तर. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला. क्षमता ५० करा असं सांगणारा अहवाल १९९३चा. मधली बारा वर्षं तो कपाटात होता. कथेत खलनायक हवा असेल तर ते कपाट घ्या.

४) हिंदमाता बशीसारखं आहे. दादर-परळला जमिनीखाली टाक्या बांधून पाणी धरायचं आणि ओहोटीला सोडायचं, हे आता होतंय. तुमच्या २०८१मध्ये या टाक्या असायला हव्यात, मोठ्या. त्यांचा उल्लेखच नाही.

५) महापौराला आजच्या कायद्यात कार्यकारी अधिकार नाहीत. १८८८च्या पालिका अधिनियमात ते आयुक्ताकडे आहेत. महापौर सभा चालवतो आणि पाहुण्यांना शाल घालतो. तुमच्या जगात ते बदललंय म्हणता, मग का बदललं, कुणी बदललं? दोन ओळी तरी लिहा.

बाकी कथाकल्पना चांगली. सातव्या पायरीचा निळा पट्टा आवडला.

झोपाळू

पंपकाकांचा प्रतिसाद म्हणजे स्वतंत्र लेख आहे. वाचनखूण साठवली.

भातुकली

काका, हसू की रडू? चौदा पानं त्या दरवाजावर आहेत. पण 'मोरीतून उलटं येणारं पाणी' मी उचललं, आधीच सांगून ठेवते.

पंप_हाउस

उचला. एक राहिलं. २९ ऑगस्ट २०१७च्या पावसात एक नामवंत डॉक्टर गाडी सोडून पायी घरी निघाले होते. उघड्या मॅनहोलमध्ये गेले. दोन दिवसांनी वरळीला सापडले. पाणी उतरावं म्हणून झाकण काढतात ते चांगल्याच हेतूने. झाकणापाशी माणूस उभा राहिला की नाही, बांबूला लाल फडकं लावलं की नाही, एवढाच प्रश्न असतो. तुमच्या बाईंना राजकारणात यायला कारण हवंच असेल तर ढगफुटीची गरज नाही, एक झाकण पुरतं.

कोळीवाड्याची_लेक

वरळी. सगळ्यांनी छान छान लिहिलंय, आता माझं ऐका.

पहिलं भरतीचं. अष्टमीला मोठी भरती? माझी आजी हसून हसून पडली असती. अष्टमीला भांग असते, पाणी चढतही नाही नि उतरतही नाही धड. उधाण पुनवेला आणि अवसेला, आणि त्याच्या पुढच्या एक-दोन दिवसांत. तेही आपल्याकडे दुपारी आणि मध्यरात्री, बाराच्या आगेमागे. पहाटे चारला उधाण दाखवाल तर एकही कोळी पुढचं पान उलटणार नाही.

दुसरं. तो 'एक वॉर्ड' कुठला हो? नाव लिहायचं टाळलंय तुम्ही. मी सांगते, तो आमचाच असणार. नाहीतर कुर्ल्याचा नाहीतर धारावीचा. मलबार हिलवर पाणी सोडणारा सर्जन अजून जन्माला यायचाय. (चढ आहे म्हणून पाणी जात नाही हे मलाही कळतं. पण चढावर कोण राहायला गेलं आणि उतारावर कोण उरलं, हेही ठरवूनच झालं ना?)

डॉक्टर जीव वाचवायला पाय कापतात. बरोबर आहे. पण कापलेला पाय बोलत नाही. आम्ही बोलतो.

खवट_खोबरं

+१००. आज माझी गरजच नाही इथे.

झोपाळू

माझा बाळबोध प्रश्न: २०८१ला महापौर कशाला लागतो? एआय सगळे सेन्सर बघेल, कुठला पंप बंद केला तर कमीत कमी माणसांना त्रास होईल ते काढेल, करून टाकेल. भावना नाहीत, निवडणूक नाही.

सुरी_कात्री

'कमीत कमी त्रास' कुणाच्या मापाने, हे वरच्या ताईंनी विचारलंय. आधी त्यांना उत्तर द्या, मग झोपा.

सिस्टर_६१

मी इथे फक्त वाचते, पाककृती आणि कोकणाचे धागे. आज लिहिते. टंकायला वेळ लागतो, चुका समजून घ्या.

मी छत्तीस वर्षं सिस्टर होते, त्यातली बावीस ओटीला. रुग्णालयाचं नाव नको, मोठं होतं. नव्वदच्या दशकातली गोष्ट.

रात्री अल्सर फुटलेला माणूस आला. माथाडी होता, पोट फळीसारखं कडक. मी स्क्रब झाले. सर मोठे, नाव झालेले, वयाने माझ्या दुप्पट नसतील पण वाटायचे. उंचीला कमी, म्हणून पायाखाली लोखंडी पायरी घेऊन उभे राहायचे. हात मात्र काय सुंदर चालायचा. भोक शोधलं, शिवलं, पोट धुतलं. सव्वादोनला म्हणाले, सिस्टर, बंद करूया.

पोट बंद करायच्या आधी मॉप (रक्त टिपायचे कापडी तुकडे) मोजायचे असतात. पाच-पाचच्या गड्ड्या असतात, मी चार उघडल्या होत्या. वीस व्हायला हवेत. झाले एकोणीस. बकेटमधले परत काढून जमिनीवर मांडून मोजले. एकोणीस.

सर म्हणाले, तुमचं मोजणं चुकलंय, मी आत पाहिलंय, काही नाही. द्या निडल होल्डर (टाक्याची सुई धरायचा चिमटा). आणि हात पुढे केला.

मी दिला नाही. म्हटलं, सर, काउंट बरोबर नाही.

ओटीत कुणी बोलेना. भूल देणाऱ्या मॅडम मॉनिटरकडे बघत होत्या, हाऊसमन (शिकाऊ डॉक्टर) स्वतःच्या हातमोज्यांकडे. सरांचा हात तसाच पुढे. मी सव्वीस वर्षांची होते, माझा सीआर (नोकरीतला गोपनीय अहवाल) सरांच्या सहीने भरायचा. त्यांनी दुसऱ्यांदा मागितला. मी परत तेच म्हटलं. पाय कापत होते, पण ते कपड्यांखाली दिसत नाही.

मग मॉप मिळाला. माणूस दहा दिवसांनी चालत घरी गेला.

एवढंच सांगायचं होतं. ताईंच्या कथेत पंप आहेत, समुद्र आहे, महापौरबाई आहेत. त्यांना निडल होल्डर न देणारी बाई कुठे आहे? मला दिसली नाही.

गिरगावकर_जुना

सिस्टर, साष्टांग.

सुरी_कात्री

दहा मिनिटं नुसता बसून होतो.

आत राहिलेल्या मॉपला आमच्या भाषेत गॉसिपिबोमा म्हणतात. लॅटिन कापूस आणि स्वाहिलीतली लपायची जागा, असा जोड सांगतात. एवढं भारदस्त नाव दिलं की आपली चूक आहे हे विसरायला होतं.

२००८मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची यादी काढली. भूल देण्याआधी, कातडीला सुरी लागण्याआधी आणि रुग्ण बाहेर नेण्याआधी, तीनदा थांबायचं. त्यात एक गोष्ट सुरुवातीला मला पोरकट वाटायची: प्रत्येकाने मोठ्याने आपलं नाव आणि काम सांगायचं. पंधरा वर्षं सोबत काम करणाऱ्या मावशींना मी काय नाव सांगू? पण एकदा नाव उच्चारलेलं माणूस पुढे 'सर, थांबा' म्हणायला जरा कमी घाबरतं. सिस्टरनी हे यादी यायच्या आधीच केलंय, यादीशिवाय, सीआरची टांगती तलवार असताना.

आणखी एक आहे. आमच्याकडे मृत्यू आणि गुंतागुंतीची मीटिंग असते. कुठला रुग्ण का गेला, कुणाचं काय चुकलं, उभं राहून सांगायचं. छान प्रथा आहे, पण दार बंद करून. बोस्टनचा अर्नेस्ट कॉडमन नावाचा सर्जन शंभर वर्षांपूर्वी म्हणत होता, प्रत्येक रुग्णाचं कार्ड ठेवा, वर्षाने बघा तो बरा आहे का, आणि निकाल छापा. त्याचं जमेना, मोठं रुग्णालय सोडून त्याने स्वतःचं छोटं काढलं आणि स्वतःच्या चुका छापल्या. भातुकली, तुमच्या बाईंनी प्रत्येक नाल्याचं असं कार्ड काढलं तर? सफाई झाली म्हणून बिल निघालं, आणि जुलैत तिथे गुडघाभर पाणी होतं का?

पंप_हाउस

डॉक्टर, अशी कार्डं निघाली तर पहिल्या आठवड्यात कार्डं ठेवायचं कपाटच चोरीला जाईल. :)

खवट_खोबरं

सिस्टरांपुढे खवटपणा करवत नाही, पण मुद्दा राजकीय आहे म्हणून लिहितो.

पालिकेत निडल होल्डर न देणारी माणसं कागदावर आहेत. स्थायी समिती, विरोधी पक्षनेता, लेखापरीक्षक, २२७ नगरसेवक. ते सगळे सिस्टरांसारखे वागतात असं मी स्वप्नातही म्हणणार नाही, त्यातल्या काहींना मॉप कुठे गेला हे चांगलं ठाऊक असतं. पण मार्च २०२२ला पालिकेची मुदत संपली आणि तीन वर्षांहून जास्त काळ प्रशासक होता. सभागृहच नव्हतं. म्हणजे सर्जन एकटा, दिवे चालू, रुग्ण टेबलावर आणि मोजायला कुणी नाही. भातुकलीबाई, तुमचं २०८१ फार लांब नाहीये.

झोपाळू

मी हट्टाने परत येतो. आता मॉपमध्ये चिप असते, यंत्र फिरवलं की बीप वाजतं. मग सिस्टरांची गरज काय? (आदर आहे, गैरसमज नको.)

सिस्टर_६१

बाळा, चिप चांगली आहे, माझ्या वेळी असती तर मला हवीच होती. चिप सांगते मॉप आत आहे. पण यंत्र बंद करून "चुकीचं वाजतंय" म्हणणारे सरही मी पाहिलेत.

भातुकली

तीन दिवस गायब होते, क्षमा असावी. चौदा पानं फेकली. दरवाजा गेला, अष्टमी गेली. हे नवं आहे, कच्चं आहे, पण तुमच्यामुळे आहे म्हणून टाकते:

*अवसेची रात्र. बारा वाजायला वीस मिनिटं. नियंत्रण कक्षात सहा दिवे, त्यातले तीन विझलेले. बाईंनी चष्मा काढून पुसला, परत लावला. "चार नंबर बंद करा," त्या म्हणाल्या. "वीज दोन नंबरला वळवा. रुग्णालयाची लाइन त्याच्यावर आहे."*

*चावी जिच्याकडे होती ती उठली नाही. पंचावन्नच्या आसपासची बाई, केस घट्ट बांधलेले. "मॅडम, चार नंबरच्या वस्तीतली माणसं निळ्या पट्ट्याच्या वर गेल्याचा निरोप आलेला नाही."*

*"निरोप येईल. वेळ नाहीये."*

*"एकशे बारा जिने आहेत. एकशे नऊ जिन्यांचा निरोप आला. तीन राहिले."*

*बाईंनी हात पुढे केला. तीस वर्षं हा हात पुढे झाला की त्यावर काहीतरी ठेवलं गेलं होतं.*

इथे थांबलेय. हात पुढे आहे. आता काय होतं ते मला खरंच माहीत नाही.

सुरी_कात्री

'एकशे बारा जिने' वाचून अंगावर काटा आला. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

पंप_हाउस

चार नंबर बंद केल्यावर वीज दोन नंबरला 'वळवता' येत नाही, पण जाऊ दे. अवस बरोबर, बारा वाजताची वेळ बरोबर. पास.

कोळीवाड्याची_लेक

चांगलं झालंय. खरंच. पण ताई, तीन जिन्यांचा निरोप आला तरी चार नंबर बंदच होणार ना? माणसं वाचली, घरं गेली. माझं जाळं, फ्रीज, पोरांची पुस्तकं तळाशी. सकाळी ती चावीवाली बाई आमच्याकडे येणार आहे का, की कथा रात्रीच संपते?

भातुकली

रात्रीच संपत होती. आता सकाळ लिहावी लागेल. तुम्ही फोनवर बोलाल का? व्यक्तिगत निरोप करते.

खवट_खोबरं

बाकी सगळं ठीक. पण सिस्टर, चार दिवस झोप नाही मला. तो विसावा मॉप होता कुठे?

सिस्टर_६१

ते लिहायचं राहिलंच की.

सरांनी तिसऱ्यांदा मागितलं नाही. पोर्टेबल एक्स-रे मागवला. तंत्रज्ञ झोपेतून उठून मशीन ढकलत आला. मशीन टेबलाजवळ घ्यायला जागा हवी, म्हणून सर पायरीवरून खाली उतरले. पायरी सरकवायला मावशी वाकल्या आणि म्हणाल्या, अगो बाय.

पायरीवर, सरांच्या बुटांच्या मापाचा, रक्ताने चिकटून बसलेला. पूर्ण वेळ ते त्याच्यावरच उभे होते.

सरांनी त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, मोजा.

मी पहिल्यापासून मोजले. वीस. मग निडल होल्डर त्यांच्या हातात ठेवला.